रे हॅरून यांच्यावर तासाभराचे व्याख्यान कसे तयार करावे

अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या आरंभकाळातील एखाद्या चालकावर कोल्हापुरात व्याख्यान द्यायचे असेल, तर समोर दोन प्रकारचे श्रोते बसणार हे गृहीत धरून तयारी करावी. एक गट अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलामुलींचा असतो. ही मंडळी स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात, गो-कार्टिंग करून आलेली असतात आणि फॉर्म्युला वनचे चालू हंगामाचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असते. दुसरा गट शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथे लेथवर, फौंड्रीत आणि जॉबवर्कमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांचा असतो. त्यांना शर्यतीचे नाव ठाऊक नसेल, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (सिलिंडरमधील दट्ट्याच्या एका फेरीची लांबी) हे शब्द कानावर पडताच ते सावरून बसतात. या दोन्ही गटांना एक तास धरून ठेवील असा चालक म्हणून मी रे हॅरून यांचे नाव सुचवतो. ३० मे १९११ रोजी झालेल्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० मैल शर्यतीचे विजेते ही त्यांची सर्वपरिचित ओळख आहे. मात्र ते मुळात इंजिनिअर होते आणि ती शर्यत त्यांनी प्रामुख्याने हिशेबावर जिंकली. व्याख्यानाचा भार याच मुद्द्यावर ठेवावा.

हे नाव सुचवले की कोणीतरी बार्नी ओल्डफिल्ड यांचे नाव पुढे करतो, आणि त्यात चूक काही नाही. सायकल शर्यतींतून मोटारीकडे आलेल्या ओल्डफिल्ड यांनी १९०२ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या ‘९९९’ या गाडीवर विजय मिळवला, २० जून १९०३ रोजी इंडियानापोलिस येथे वर्तुळाकार मार्गावर एक मैल एका मिनिटाच्या आत पार केला आणि तोंडात चिरूट धरून गाडी चालवणारा माणूस म्हणून देशभर नाव कमावले. परंतु त्यांच्या कारकिर्दीत खरी शर्यत कोठे संपते आणि तिकीट लावून केलेला खेळ कोठे सुरू होतो, हे ठरवण्यातच वक्त्याचा निम्मा वेळ जातो. मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन यांच्याशी १९१० मध्ये झालेली त्यांची शर्यत आणि त्यानंतर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने त्यांच्यावर केलेली निलंबनाची कारवाई हा तर वर्णभेदाच्या इतिहासाचा भाग आहे. तो विषय पाच मिनिटांत उरकणे योग्य नव्हे, त्यासाठी स्वतंत्र व्याख्यान ठेवावे.

चरित्राचा सांगाडा

जन्म, शिक्षण, पहिली शर्यत, शेवटची शर्यत असा क्रम लावून बोलू लागल्यास दहाव्या मिनिटाला श्रोते मोबाइल काढतात. म्हणून जीवनपटाचा पहिला भाग दोन-तीन वाक्यांत सांगून मोकळे व्हावे. हॅरून यांचा जन्म १२ जानेवारी १८७९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्पार्टन्सबर्ग येथे झाला. शिकागो ते न्यूयॉर्क हे अंतर आळीपाळीने गाडी चालवून विक्रमी वेळात कापणाऱ्या चालकांच्या तुकडीत ते १९०४ च्या सुमारास होते, आणि पुढे इंडियानापोलिसच्या नॉर्डाइक अँड मार्मन कंपनीत इंजिनिअर व चालक अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी काम केले. शांत आणि अभ्यासू स्वभावामुळे त्यांना ‘लिटल प्रोफेसर’ असे टोपणनाव मिळाले होते.

१९१० चा राष्ट्रीय विजेता हा किताब त्यांच्या नावावर दाखवला जातो. तो सांगताना मात्र वाक्य जपून रचावे. त्या सुरुवातीच्या हंगामांतील गुणांची मांडणी संघटनेने बऱ्याच वर्षांनी मागे वळून केली, तेव्हा १९१० च्या अखेरीस एखाद्या समारंभात त्यांनी हा चषक उंचावला असे चित्र शब्दांतूनही उभे करू नये. हंगाम संपल्यावर त्यांनी शर्यतीतून निवृत्ती घेतली होती, आणि १९११ मध्ये ते परतले ते या एकाच शर्यतीसाठी. ही गोष्ट मात्र ठळकपणे सांगावी, कारण पुढची सगळी तयारी एकाच दिवसासाठी होती हे तिच्यामुळे कळते.

कोल्हापूरशी या माणसाचा काहीही संबंध नव्हता, आणि तो ओढूनताणून जोडू नये. कालखंड डोळ्यांसमोर यावा एवढ्यापुरते सांगता येईल की १८९४ ते १९२२ हा छत्रपती शाहू महाराजांचा राज्यकाळ होता आणि ही शर्यत त्याच्या साधारण मध्यावर झाली. त्या कंपनीची पार्श्वभूमी मात्र अवश्य सांगावी. नॉर्डाइक अँड मार्मन हा कारखाना मूळचा पिठाच्या गिरण्यांची यंत्रे बनवणारा, आणि ओतकाम व यंत्रकाम हाताशी होते म्हणून तो मोटारीकडे वळला. उसाचे चरक, ऑइल इंजिने आणि पंप दुरुस्त करता करता ज्या गावात फौंड्री व्यवसाय उभा राहिला, तिथल्या श्रोत्याला ही वाट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यंत्र फळ्यावर मांडावे

यानंतर थेट गाडीकडे यावे. ‘मार्मन वास्प’ या नावाने ती ओळखली जाते. पिवळा रंग, काळी अक्षरे, ३२ हा क्रमांक आणि गांधीलमाशीच्या नांगीसारखी मागे निमुळती होत गेलेली शेपटी. छायाचित्र पडद्यावर दाखवून ठेवावे, पण त्यावर फार बोलू नये. त्याऐवजी फळ्यावर दोन आकडे लिहावेत, बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोक पाच इंच. सिलिंडर सहा. मग श्रोत्यांकडूनच घनफळ काढून घ्यावे. पाय (π) भागिले चार, गुणिले बोअरचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले सहा, असे केले की उत्तर ४७७ घन इंच येते, म्हणजे सुमारे ७.८ लिटर. पुस्तकांतून दिलेला आकडा आणि फळ्यावरचा आकडा जुळला की सभागृहातील वातावरण बदलते. शर्यतीची मर्यादा ६०० घन इंचांची होती, म्हणजे हॅरून मर्यादेच्या बरेच आत राहून उतरले होते, हेही लगेच जोडून सांगावे. जिंकणारी गाडी सर्वांत मोठ्या इंजिनाची असलीच पाहिजे, ही समजूत तिथेच सैल होते.

दुसरा मुद्दा आसनाचा. त्या काळच्या शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसत असे. तो तेलाचा हातपंप मारी, टायरवर नजर ठेवी आणि मागून कोणी येत आहे का ते सांगे. हॅरून यांनी एकच आसन ठेवले, त्यामुळे गाडी अरुंद झाली, वजन कमी झाले आणि हवेचा अडथळाही घटला. मागचे कोण पाहणार, असा आक्षेप इतर चालकांनी घेतला. त्यावर त्यांनी चालकासमोर साधारण आठ इंच लांब आणि तीन इंच रुंद आरसा बसवला. घोडागाडीवर असा आरसा आपण पूर्वी पाहिला होता, असे ते पुढे सांगत.

‘जगातील पहिला रिअर-व्ह्यू मिरर’ असे वाक्य या ठिकाणी हमखास ओठांवर येते, ते टाळावे. ब्रिटिश मोटारचालक डॉरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्येच वाहन चालवणाऱ्या स्त्रियांना मागचे पाहण्यासाठी हाती आरसा ठेवण्याचा सल्ला छापून दिला होता. शर्यतीच्या गाडीवर कायम बसवलेल्या आरशाचे हे सर्वांत प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण आहे, एवढे म्हटले तरी पुरे. शिवाय विटांच्या रस्त्यावर तो आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसतच नव्हते, अशी कबुली हॅरून यांनीच नंतर दिली. ही कबुली अगदी शेवटी सांगावी, हशा पिकतो आणि मुद्दाही लक्षात राहतो.

मैदानाची ओळख थोडक्यात द्यावी, पण ती गाळू नये. इंडियानापोलिस मोटर स्पीडवे १९०९ मध्ये कार्ल फिशर आणि त्यांच्या तीन भागीदारांनी उभारला. खडी आणि डांबर यांचा पहिला पृष्ठभाग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शर्यतीतच उखडला आणि त्या दिवसांत चालक, मेकॅनिक व प्रेक्षक मिळून पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर सुमारे ३२ लाख विटा बसवून मार्ग नव्याने तयार करण्यात आला. एक फेरी अडीच मैलांची. पाऊण-पाऊण फर्लांगाचे हिशेब न सांगता फळ्यावर आकृती काढावी. पाऊण मैलाहून थोड्या कमी, म्हणजे ५/८ मैलाच्या दोन लांब सरळ बाजू, १/८ मैलाच्या दोन आखूड बाजू आणि पाव-पाव मैलाची चार वळणे. बेरीज अडीच येते. दोनशे फेऱ्या म्हणजे ५०० मैल, अर्थात ८०५ किलोमीटर. कोल्हापूरहून मुंबईला जाऊन त्याच दमात परत यावे आणि तरी थोडे अंतर शिल्लक राहावे, एवढा हा पल्ला. तोही उघड्या गाडीत आणि विटांवरून.

टायरचा हिशेब

व्याख्यानाचा गाभा हा आहे, म्हणून निदान वीस मिनिटे यासाठी राखून ठेवावीत. त्या काळच्या टायरमध्ये सुती कापडाचे थर असत. वेग वाढला की टायर तापे, थर सुटू लागत आणि विटांच्या कडा उरलेले काम करत. ताशी ८० मैलांच्या आसपास टायर झपाट्याने संपतात, पण ७५ च्या आसपास ते कितीतरी अधिक टिकतात, असे हॅरून यांना सरावात आढळले होते. बाकीचे चालक पुढे जाण्यासाठी गाडी ताणत असताना त्यांनी ठरवलेला वेग सोडला नाही.

हे नुसते सांगितले तर श्रोता मान डोलावतो आणि विसरतो. म्हणून गणित मांडावे. ताशी ८० मैल वेगाने ५०० मैलांना सहा तास पंधरा मिनिटे लागतात आणि ७५ ने सहा तास चाळीस मिनिटे. फरक पंचवीस मिनिटांचा. आता एका जादा थांब्यात, वेग कमी करण्यापासून पुन्हा वेग घेईपर्यंत, अडीच मिनिटे जातात असे आपण धरू. हे आपले गृहीतक आहे, इतिहासातील नोंद नव्हे, आणि तसे स्पष्ट सांगावे. दहा जादा थांबे झाले की ८० चा सगळा फायदा संपला. रस्त्यात टायर फुटून गाडी घासटत आणावी लागली तर त्याहूनही आधी. कारखान्यात मशीनचा फीड (कापण्याची गती) वाढवल्यावर टूल (कापणारे हत्यार) किती लवकर जाते हे ज्याने पाहिले आहे, तो या ठिकाणी स्वतःहून बोलू लागतो. त्याला बोलू द्यावे.

याच गणिताने दंतकथेलाही थोडी कात्री लावता येते, आणि माझ्या मते व्याख्यानातला सर्वांत रंगतदार भाग तोच आहे. हॅरून यांची अधिकृत वेळ ६ तास ४२ मिनिटे ८ सेकंद, म्हणजे २४,१२८ सेकंद. पाचशेला ३,६०० ने गुणून या संख्येने भागले की ताशी ७४.६०२ मैल हा नोंदवलेला सरासरी वेग अचूक मिळतो. किलोमीटरमध्ये तो १२० च्या किंचित वर जातो. पण थांबूया. नेमक्या ७५ च्या वेगाने न थांबता धावले असते तरी ६ तास ४० मिनिटे लागली असती, आणि त्यांना लागलेला जादा वेळ दोन मिनिटे आठ सेकंदांचा आहे. या काळात गाडी थांबली, टायर बदलले, इंधन भरले. तेव्हा प्रत्यक्ष धावताना ते ७५ च्या वरच असणार. अनेक लेखांत ‘त्यांनी पूर्ण शर्यत ७५ मैलांच्या स्थिर वेगाने पार केली’ असे वाचायला मिळते, ते वाक्य भागाकारापुढे टिकत नाही. टायर वाचवण्याचे सूत्र खरे, वेगाचा काटा एकाच आकड्यावर चिकटून होता हे मात्र खरे नव्हे.

आणखी एक तपशील सोडू नये. मधल्या तीसहून अधिक फेऱ्या हॅरून यांनी चालवल्याच नाहीत. सायरस पॅट्श्के या बदली चालकाने त्या वेळी गाडी सांभाळली आणि ती मागे पडू दिली नाही. नियमात हे बसत होते. एकट्या माणसाच्या पराक्रमाची कथा सांगण्याच्या नादात पॅट्श्के यांचे नाव गाळणे हा अन्याय होईल.

निकालाचा वाद

चाळीस गाड्या सुटल्या. प्रवेशअर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने त्यांना जागा मिळाल्या होत्या, आणि हॅरून अठ्ठाविसाव्या क्रमांकावरून निघाले. सुरुवातीच्या फेऱ्यांतच आर्थर ग्रायनर यांच्या गाडीला अपघात होऊन त्यांचे मेकॅनिक सॅम डिक्सन मृत्युमुखी पडले. हा प्रसंग सांगताना आवाज चढवू नये, त्याचे वर्णनही लांबवू नये. नाव मात्र घ्यावे, कारण विजेत्याच्या गाडीत मेकॅनिक नव्हता या कौतुकाच्या शेजारी ही गोष्ट ठेवली की त्या आसनावर बसण्याचा अर्थ श्रोत्यांना कळतो.

शर्यतीच्या साधारण मध्यावर मुख्य सज्जासमोर एक गाडी भरकटली, तिच्यातील मेकॅनिक रस्त्यावर पडला आणि त्याला वाचवताना हॅरी नाइट यांची गाडी पिटमधल्या, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबण्याच्या जागेतल्या, गाडीवर आदळली. या गोंधळात फेऱ्या मोजणाऱ्यांचे लक्ष विचलित झाले आणि काही वेळ नोंदी नीट झाल्या नाहीत. वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतही बिघाड होत होता. हॅरून पहिले आणि लोझियर गाडीचे चालक राल्फ मलफर्ड १ मिनिट ४३ सेकंदांनी दुसरे, असा अधिकृत निकाल आहे. आपणच आधी पोहोचलो होतो, अशी मलफर्ड यांच्या बाजूची धारणा पुढे अनेक वर्षे टिकून राहिली आणि काही अभ्यासकांनी तिला दुजोराही दिला.

कोल्हापूरचा श्रोता कुस्ती निकाली झाल्याशिवाय उठत नाही, त्यामुळे ‘मग खरा कोण जिंकला?’ हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवावे, पण न्यायाधीश होऊ नये. अधिकृत विजेते हॅरून आहेत. गोंधळाच्या काळातील नोंदी सदोष होत्या, आणि त्या सदोष नोंदींवरून उलटा निकालही सिद्ध करता येत नाही. एवढे तीन मुद्दे क्रमाने मांडून थांबावे. वाद लपवणारा वक्ता पहिल्याच जाणकार प्रश्नाला उघडा पडतो, तर वादालाच मुख्य विषय करणारा वक्ता टायरचा हिशेब गमावून बसतो.

साहित्य गोळा करताना याच भागासाठी सर्वाधिक वेळ द्यावा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी अमेरिकी वृत्तपत्रे मोफत वाचण्यासाठी खुली केली आहेत. त्यांत ३० मेच्या सायंकाळची, ३१ मेची आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांची पाने शेजारी ठेवून वाचावीत. घाईत छापलेला क्रम आणि नंतरचा क्रम यांत, विशेषतः खालच्या क्रमांकांत, फरक दिसतो. करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात या शर्यतीवर थेट पुस्तक मिळाले नाही, तरी जुन्या मोटार-यांत्रिकीची पुस्तके अवश्य पाहावीत. कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) आणि तेलपुरवठा समजावताना त्यांतील आकृत्या इंटरनेटवरच्या चित्रांपेक्षा चांगल्या ठरतात.

शर्यतीनंतरची वर्षे

हॅरून त्या दिवशी पुन्हा निवृत्त झाले, आणि या वेळी ती निवृत्ती त्यांनी पाळली. बहुतेक वक्ते इथेच टाळ्या घेऊन थांबतात, पण इंजिनिअर म्हणून त्यांचे पुढचे काम निदान पाच मिनिटे तरी मागते. मॅक्सवेल कंपनीसाठी त्यांनी केरोसिनवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरवर काम केले, आणि १९१४ च्या इंडियानापोलिस शर्यतीत बिली कार्लसन यांनी चालवलेली मॅक्सवेल गाडी केरोसिनवर धावून नववी आली. रॉकेलवर चालणारी इंजिने आमच्या भागातील शेतकऱ्यांनी विहिरीवर वर्षानुवर्षे वापरली आहेत, त्यामुळे ‘थंड इंजिन केरोसिनवर सुरू कसे होत असेल?’ असा प्रश्न एखाद्या वयस्कर श्रोत्याकडून आला तर चर्चा तिकडे वळू द्यावी. पुढे मिशिगनमधील वेन येथे त्यांनी स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेला हा उद्योग १९२२ नंतर उरला नाही. शर्यत जिंकणे आणि कारखाना चालवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे उद्यमनगरला सांगण्याची गरज नाही, म्हणून त्यावर भाष्य करू नये.

१९६१ मध्ये शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवात त्यांनी त्याच वास्प गाडीतून मैदानाला फेरी मारली. १९ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, इंडियाना राज्यातील अँडरसन येथे त्यांचे निधन झाले. गाडी आजही इंडियानापोलिसच्या संग्रहालयात आहे.

प्रश्नोत्तरांत बक्षिसाची रक्कम कोणीतरी विचारतोच. पहिले बक्षीस १०,००० डॉलरचे होते आणि इतर पुरस्कर्त्यांच्या रकमा धरून हॅरून यांच्या वाट्याला १४,२५० डॉलर आले. आजच्या विनिमय दराने त्याचे रुपये करून सांगू नयेत, कारण त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. त्या काळी एका पौंडाला १५ रुपये आणि सुमारे ४.८७ डॉलर पडत, म्हणजे एक डॉलर तीन रुपयांहून किंचित अधिक. त्या हिशेबाने ही रक्कम १९११ मधले सुमारे ४४,००० रुपये होते. त्यातले चालकाला किती आणि कंपनीला किती, हा पुढचा प्रश्न आला, तर नोंद हाती नसताना आकडा सांगू नये आणि पुढच्या श्रोत्याकडे वळावे.